चार लॉट, एकच वजन: दिंडोरीच्या पॅकहाऊसमधल्या एका मॅक्रोचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकहून म्हसरूळमार्गे दिंडोरीकडे निघालं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू होतात. त्याच पट्ट्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये हे घडलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी नाशिकमध्ये लहान उद्योगांच्या एक्सेल फायली आणि मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत व्हीबीए भाषेत लिहिलेले छोटे प्रोग्राम, दुरुस्त करून देतो. या प्रकरणात मला मध्यावर बोलावलं गेलं, त्यामुळे आधीची हकीकत तिथल्या लोकांकडून ऐकलेली आहे.

पॅकहाऊसचं काम असं चालतं. बागेतून माल क्रेटमध्ये भरून पिकअपने येतो. एका खेपेचा माल म्हणजे एक लॉट. लॉट काट्यावर चढतो, क्रेटचं वजन वजा होतं आणि शेतकरी, प्लॉट, क्रेटची संख्या, वजन अशी एक ओळ एक्सेलच्या ‘काटा’ नावाच्या शीटवर येते. शेतकऱ्याची तोडणी संपली की मॅक्रो त्याचे सगळे लॉट गोळा करतो, बेरीज करतो आणि काटा पावती छापतो. पुढे सॉर्टिंग होतं, खराब मणी आणि आखूड घड बाजूला निघतात, मग हिशेब पावती निघते. पैसे हिशेब पावतीवर मिळतात, पण शेतकऱ्याचा भरवसा काटा पावतीवर असतो, कारण ती त्याच्या डोळ्यांसमोर झालेल्या मापाची असते.

मूळ मॅक्रो बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिला होता. साधा होता आणि चालत होता. त्यात लॉटसाठी एक ‘टाइप’, म्हणजे अनेक किमती एकत्र धरणारा नोंदीचा साचा, केलेला होता. कोडच्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. संपादकात त्या रोमन लिपीतच लिहायच्या असतात.

टाइप लॉटनोंद
    प्लॉट ॲज स्ट्रिंग
    क्रेट ॲज इंटिजर
    वजन ॲज डबल
एन्ड टाइप

डिम लॉट्स(१ टू २०) ॲज लॉटनोंद

म्हणजे एका शेतकऱ्याचे जास्तीत जास्त २० लॉट. एका हंगामात फेब्रुवारीत, माल ऐन भरात असताना, एका मोठ्या बागायतदाराच्या २३ खेपा आल्या आणि मॅक्रो ९ क्रमांकाची त्रुटी देऊन थांबला. ॲरेच्या, म्हणजे ठरावीक कप्प्यांच्या यादीच्या, बाहेरचा कप्पा मागितला की ही त्रुटी येते.

ऑफिसमधल्या ताईंनी दुरुस्तीचं काम अंगावर घेतलं. त्या बीसीए झालेल्या, कॉलेजात व्हीबी डॉट नेट शिकलेल्या. त्यांनी विचार केला की २० चे ५० करून भागणार नाही, कलेक्शन, म्हणजे लागेल तशी वाढणारी यादी, वापरावं, मग संख्येची मर्यादाच उरत नाही. विचार योग्यच होता. पण टाइपची नोंद कलेक्शनमध्ये घालायला गेल्या तर कोड कंपाइलच होईना. कलेक्शन आतल्या गोष्टी व्हेरियंट, म्हणजे कुठल्याही प्रकारची किंमत मावणारा कप्पा, म्हणून धरतं, आणि साध्या मॉड्यूलमध्ये लिहिलेल्या टाइपचं व्हेरियंटमध्ये रूपांतर होत नाही. त्रुटीच्या लांबलचक संदेशाचा अर्थ एवढाच होता. म्हणून त्यांनी टाइप काढला, क्लास मॉड्यूल, म्हणजे ज्यावरून ऑब्जेक्ट (स्वतंत्र नोंदी) तयार होतात तो साचा, घेतलं, त्याला क्लासलॉट नाव दिलं आणि आतली लूप, म्हणजे शीटच्या प्रत्येक ओळीसाठी पुन्हा चालणारा भाग, अशी लिहिली:

फॉर ओळ = पहिली टू शेवटची
    डिम लॉट ॲज न्यू क्लासलॉट
    लॉट.प्लॉट = ओळीतला प्लॉट
    लॉट.वजन = ओळीतलं वजन
    लॉट्स.ॲड लॉट
नेक्स्ट ओळ

कोड कंपाइल झाला. ताईंनी हाताने चाचणीच्या ओळी भरल्या: दोन शेतकऱ्यांचा प्रत्येकी एक लॉट, तिसऱ्याचे दोन लॉट, ५०० आणि ५०० किलो. पावत्या बरोबर आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नवा मॅक्रो कामाला लागला.

अडचण

तिसऱ्या दिवशी दुपारी एक शेतकरी पावती घेऊन परत आले. त्यांच्या चार खेपा होत्या: ५१२, ४९८, ४४६ आणि ३९० किलो. खिशातल्या डायरीत त्यांनी त्या लिहिल्या होत्या, खाली बेरीज १,८४६. पावतीवर १,५६० होते. २८६ किलोंचा फरक, आणि ठरलेल्या ७२ रुपये भावाने २०,५९२ रुपये.

ते चिडलेले नव्हते, हे अण्णांनी मला दोनदा सांगितलं. अण्णा म्हणजे पॅकहाऊसचे मालक. शेतकरी काका एवढंच म्हणाले, “अण्णा, काट्यापाशी मी स्वतः उभा होतो. काटा खरा आहे. मग कागद का खोटा?”

अण्णांनी मला फोन केला. “सर, माल आज ना उद्या कुणीही घेईल. पण काटा खोटा असं एकदा गावात झालं, तर पुढच्या वर्षी मला बाग कोण देईल?”

१,५६० हा आकडा नीट पाहिला तर उत्तर त्यातच होतं. तो ३९० ची चौपट आहे. पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. कारण आकडा अशक्य वाटण्यासारखा नव्हता. सगळे लॉट साधारण एकाच मापाचे असतात, तेव्हा चार लॉटचे पंधराशे किलो कुणालाही खपून जातात. बेरीज शून्य आली असती किंवा पाच लाख आली असती तर पहिल्याच पावतीला बोंब झाली असती.

शोध

मी संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचलो. ‘काटा’ शीट पाहिली. चारही ओळी होत्या, वजनं डायरीशी जुळत होती. म्हणजे कच्ची नोंद शाबूत होती आणि बिघाड नोंदीनंतर, बेरजेच्या वाटेवर होता. हा मोठा दिलासा होता.

मग मी मॅक्रो एफ ८ दाबत एकेक ओळ चालवला. चालू ओळीवर पिवळी पट्टी येते. पट्टी फॉरवर आली, तिथून थेट ‘लॉट.प्लॉट’ वर गेली. मधली डिमची ओळ तिने ओलांडली. पुढच्या फेरीत तेच. ताई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, न्यूच्या ओळीवर थांबलं का नाही?”

अख्खं प्रकरण त्या प्रश्नात होतं. व्हीबीएमध्ये डिम ही चालवायची ओळ नाही, ती घोषणा आहे. लूपच्या आत लिहिली तरी तिचा लूपशी संबंध नसतो. व्हेरिएबल पूर्ण प्रोसिजरसाठी, म्हणजे मॅक्रोच्या त्या अख्ख्या तुकड्यासाठी, एकदाच तयार होतं. ‘ॲज न्यू’ जोडलं तर अर्थ असा होतो की हे व्हेरिएबल पहिल्यांदा वापरलं जाईल तेव्हा ते रिकामं असेल, तर एक ऑब्जेक्ट आपोआप तयार करून त्यात ठेव. पहिल्या फेरीत ते रिकामं होतं, ऑब्जेक्ट तयार झालं. दुसऱ्या फेरीत ते रिकामं नव्हतं, म्हणून नवं काही झालंच नाही. त्याच ऑब्जेक्टच्या वजनावर ४९८ लिहिलं गेलं, मग ४४६, मग ३९०. आणि प्रत्येक फेरीत कलेक्शनमध्ये त्याच एका ऑब्जेक्टचा पत्ता भरला गेला.

खात्रीसाठी इमिजिएट विंडोत, म्हणजे संपादकातल्या प्रश्न विचारायच्या चौकटीत, विचारलं:

? लॉट्स(१) इज लॉट्स(४)

उत्तर आलं ट्रू, म्हणजे दोन्ही एकच. मग लॉट्स(१) चं वजन ९९९ केलं आणि लॉट्स(४) चं वजन विचारलं. ९९९.

ताईंचा चेहरा उतरला. पण त्यांची चूक समजण्यासारखी होती, आणि मी ते त्यांना लगेच सांगितलं. व्हीबी डॉट नेटमध्ये हीच ओळ लूपमध्ये लिहिली तर प्रत्येक फेरीत ती चालते आणि दर वेळी नवं ऑब्जेक्ट मिळतं. अक्षर न अक्षर सारखी ओळ, एकाच घराण्यातल्या दोन भाषा, आणि वागणं वेगळं. कॉलेजात जे शिकवलं ते खरंच होतं, फक्त एक्सेलच्या आतली भाषा जुन्या शाखेची आहे.

चुकीचा पसाराही आता उलगडला. प्रत्येक शेतकऱ्यासाठी प्रोसिजर नव्याने बोलावली जात होती, म्हणून एका शेतकऱ्याचे आकडे दुसऱ्यात मिसळत नव्हते. एकाच लॉटचे शेतकरी बिनचूक होते. बाकी सगळ्यांची बेरीज म्हणजे शेवटच्या लॉटचं वजन गुणिले लॉटची संख्या. शेवटची खेप बहुधा अर्धी-मुर्धी भरलेली असते, म्हणून बऱ्याच जणांना कमी दिसलं. काहींची शेवटची खेप जड होती, त्यांना जास्त दिसलं. आणि चाचणीतले ५०० अधिक ५००? शेवटच्या ५०० ची दुप्पटही १,०००च. चूक झाकायला याहून सोयीचे आकडे सापडले नसते.

घोषणा, निर्मिती, नेमणूक

पुढचे निर्णय समजण्यासाठी इथे थोडं थांबायला हवं.

व्हीबीए ज्या भाषेतून आली ती बेसिक १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी तयार केली, संगणक हा विषय नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. तेव्हा व्हेरिएबलला किंमत देताना ओळीच्या सुरुवातीला ‘लेट’ लिहायचे आणि डिम हा शब्द ॲरेचं माप सांगण्यासाठी होता. व्हीबीएमध्ये लेट आजही चालतं, पण कुणी लिहीत नाही, कारण ते वगळता येतं. ऑब्जेक्टसाठीचं ‘सेट’ मात्र वगळता येत नाही.

याचं कारण एक्सेल वापरणाऱ्याला सहज पटेल. एखाद्या व्हेरियंटला सेट न लिहिता ए१ सेल दिला तर त्यात सेलमधली किंमत येते. सेट लिहून दिला तर प्रत्यक्ष सेल हाती येतो, त्याचा रंग, पत्ता, सूत्र सगळ्यासकट. एकाच बरोबरच्या चिन्हाचे दोन अर्थ होतात, आणि कुठला हवा ते सांगण्याचं काम सेट करतं.

तेव्हा आपण तयार केलेल्या क्लासच्या बाबतीत तीन वेगळ्या गोष्टी घडतात. ‘डिम लॉट ॲज क्लासलॉट’ म्हणजे घराच्या नावाची पाटी केली. घर अजून नाही, पाटीवर नथिंग, म्हणजे ‘काही नाही’, आहे. ‘न्यू क्लासलॉट’ म्हणजे घर बांधलं. ‘सेट लॉट =’ म्हणजे पाटी त्या घरावर लावली. ‘ॲज न्यू’ या तिन्ही गोष्टी एका ओळीत कोंबतं, आणि त्यातली मधली कधी घडते ते आपल्याला दिसत नाही.

टाइपचं तसं नाही. टाइप म्हणजे खुद्द माल. एक टाइप दुसऱ्याला दिला की मालाची नक्कल होते आणि दोन्ही स्वतंत्र राहतात. हा फरक मी त्या संध्याकाळी ताईंना सांगितला, पण त्याचा दुसरा परिणाम माझ्याच लक्षात आला नाही. त्याबद्दल पुढे येतंच.

समोर असलेले पर्याय

साडेसात वाजत आले होते. बाहेर दोन पिकअप उभे होते.

पहिला पर्याय जुन्या मॅक्रोवर परत जाण्याचा. २० लॉटची मर्यादा काढायला ॲरेचं माप घोषणेत न देता ‘रीडिम प्रिझर्व्ह’ने लागेल तसं वाढवता आलं असतं. टाइप तसाच राहिला असता. खरं सांगायचं तर मूळ अडचणीला एवढंच पुरेसं होतं. पण तोवर ताईंनी शेतकऱ्याचाही क्लास केला होता आणि शेतकऱ्याच्या नोंदणी क्रमांकावरून लॉट शोधण्याची सोय केली होती. ती सगळ्यांना आवडली होती.

दुसरा पर्याय सगळ्यात छोटा: लूपच्या शेवटी ‘सेट लॉट = नथिंग’ ही एक ओळ घालायची. पाटी रिकामी झाली की पुढच्या फेरीत ॲज न्यू आपोआप नवं ऑब्जेक्ट करतं. हे चाललं असतं. ताईंनी इथे चांगली शंका काढली: नथिंग केल्यावर कलेक्शनमधला लॉट पुसला नाही का जाणार? नाही जाणार. ऑब्जेक्टकडे किती जण बोट दाखवतात याची मोजणी ठेवली जाते, आणि मोजणी शून्यावर आली तरच ते नष्ट होतं. कलेक्शनचं बोट अजून त्याच्याकडे असतं. तरीही मी हा पर्याय नाकारला. उद्या कुणी ती ओळ ‘अनावश्यक सफाई’ समजून काढली, तर चूक आवाज न करता परत येईल.

तिसरा पर्याय घोषणा आणि निर्मिती वेगळी करण्याचा: डिम लूपच्या बाहेर, न्यूशिवाय; आणि लूपच्या पहिल्याच ओळीत ‘सेट लॉट = न्यू क्लासलॉट’.

चौथा पर्याय अण्णांचे भाचे सुचवत होते, की एक्सेल सोडा आणि तयार सॉफ्टवेअर घ्या. विचार चुकीचा नव्हता, पण हंगामाच्या मध्यावर नाही.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला. बदल दोन ओळींचा. पण लगेच ९१ क्रमांकाची त्रुटी आली, कारण शेतकऱ्याचं व्हेरिएबलही ॲज न्यू होतं. तिथला न्यू काढला आणि सेट लिहायचं राहिलं. पाटीवर नथिंग असताना घरात शिरायला गेलं की ९१ येते. ताई घाबरल्या. मला मात्र ती त्रुटी पाहून बरं वाटलं, कारण या वेळी मॅक्रो चुकीचा आकडा छापण्याऐवजी थांबला होता.

त्याच ओघात आणखी एक गोष्ट सापडली. ताईंनी सावधगिरी म्हणून ‘लॉट इज नथिंग असेल तर सूचना दाखव’ अशी तपासणी घातली होती. ॲज न्यू असताना ती तपासणी कधीच खरी ठरत नाही. नुसतं विचारलं तरी आधी ऑब्जेक्ट तयार होतं आणि मग उत्तर मिळतं ‘नाही, रिकामं नाही’. पहारेकरी ठेवला होता, पण तो चोर शिरल्याचं कधी सांगूच शकला नसता. शिवाय एका ठिकाणी ‘डिम पहिला, दुसरा ॲज क्लासलॉट’ होतं. त्यात फक्त दुसरा क्लासलॉट होतो, पहिला व्हेरियंट राहतो. तेही सुटं केलं.

त्यानंतर लॉट बनवण्याचं काम एका फंक्शनकडे दिलं. क्लास तयार होताना चालणाऱ्या इनिशियलाइझ प्रोसिजरला बाहेरून माहिती देता येत नाही, म्हणून नवालॉट नावाचं फंक्शन केलं:

फंक्शन नवालॉट(प्लॉट, क्रेट, वजन) ॲज क्लासलॉट
    डिम ल ॲज क्लासलॉट
    सेट ल = न्यू क्लासलॉट
    ल.प्लॉट = प्लॉट
    ल.क्रेट = क्रेट
    ल.वजन = वजन
    सेट नवालॉट = ल
एन्ड फंक्शन

आता मुख्य लूपमध्ये ‘लॉट्स.ॲड नवालॉट(…)’ एवढंच राहिलं. फंक्शनच्या शेवटच्या ओळीतही सेट लागतं, हे मी ताईंना वहीत लिहून घ्यायला लावलं. माझ्या पाहण्यात सर्वात जास्त वेळा तिथेच विसरलं जातं.

शेवटी एक स्वतंत्र पडताळणी जोडली. मॅक्रोची बेरीज आणि ‘काटा’ शीटवर समइफ (अट जुळणाऱ्या ओळींचीच बेरीज करणाऱ्या) सूत्राने आलेली बेरीज यांत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक पडला तर पावती छापायचीच नाही. डबल प्रकारातल्या अपूर्णांकांची बेरीज शेवटच्या दशांशापर्यंत जुळेलच असं नाही, म्हणून तेवढी सवलत ठेवली.

पावत्यांचा निर्णय

कोड रात्री साडेनऊला दुरुस्त झाला. अवघड भाग त्यानंतरचा होता.

अडीच दिवसांत ३१ पावत्या गेल्या होत्या. त्यातल्या ९ एकाच लॉटच्या, म्हणजे बरोबर. २२ चुकीच्या: १५ जणांना कमी, ७ जणांना जास्त. हिशेब पावत्या अजून निघाल्या नव्हत्या, त्यामुळे पैशाची देवघेव झालेली नव्हती.

सुपरवायझरचं म्हणणं होतं की हिशेब पावतीत आकडे आपोआप बरोबर येतील, मग काटा पावत्यांचा विषय कशाला काढायचा? ज्याने विचारलं त्याला सांगू. भाच्यांचं म्हणणं, कमी दाखवलेल्या १५ जणांना बोलावू, जास्तवाल्यांना हिशेबात कळेलच.

अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बावीस जणांना बोलवा. सगळ्यांना. जुना कागद परत घ्या, नव्यावर दोन्ही आकडे लिहा आणि माझी सही करा. ज्याला जास्त दाखवलं त्याला हिशेबाच्या दिवशी कमी दिसलं तर तो म्हणेल, सॉर्टिंगमध्ये माल मारला.”

शेवटचं वाक्य मला सुचलं नसतं. मी कोडच्या बाजूने विचार करत होतो, ते शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन लावले. सगळ्यात आधी डायरीवाल्या काकांना.

आणखी एक गोष्ट त्या रात्री तपासली, धडधडत्या छातीने. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग अपेडाच्या (केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेट प्रणालीत नोंदलेल्या प्लॉटपर्यंत लागला पाहिजे. हेच कलेक्शन पॅलेटच्या (पेट्या रचून पाठवायच्या फळीच्या) यादीला वापरलं असतं, आणि एका पॅलेटवर तीन प्लॉटचा माल असता, तर यादीत शेवटचा प्लॉट तीनदा आला असता. वजनाची चूक डायरीने पकडली. प्लॉटची चूक पकडायला तिथे कुणाची डायरी नव्हती. सुदैवाने पॅलेटची यादी वेगळ्या फायलीत, हाताने होत होती.

दुसरी चूक

चार दिवसांनी ताईंचा फोन आला. “सर, हिशेब पावती अजून छापली नाही, आधी तपासली. आवक आणि निव्वळ सारखंच येतंय.”

त्यांनी काकांचेच चार लॉट चाचणीला घेतले होते. आवक १,८४६, सॉर्टिंगमध्ये निघालेला माल ६४, निव्वळ १,७८२ यायला हवं. पावतीवर आवकही १,७८२ आणि निव्वळही १,७८२.

जुन्या मॅक्रोत ओळ होती ‘निव्वळ = आवक’, आणि मग निव्वळमधून खराब माल वजा. टाइप असल्याने नक्कल व्हायची आणि आवक शाबूत राहायची. क्लास आल्यावर त्या ओळीत सेट लिहावं लागलं: ‘सेट निव्वळ = आवक’. कोड चालला. पण सेट नक्कल करत नाही, ते त्याच घरावर दुसरी पाटी लावतं. निव्वळमधून ६४ काढले म्हणजे आवकमधूनही गेले.

पहिल्या संध्याकाळी टाइप आणि क्लासमधला फरक मी स्वतः समजावला होता. त्याच वेळी पूर्ण कोडमध्ये ‘टाइपची टाइपला नेमणूक कुठे कुठे होती’ एवढं शोधलं असतं तर ही ओळ हाती आली असती. ते राहिलं. ताईंनी पकडलं, पावती शेतकऱ्याच्या हातात जाण्याआधी.

उपाय म्हणून क्लासमध्येच नक्कल नावाचं फंक्शन लिहिलं. ते नवा क्लासलॉट बनवतं, एकेक किंमत उतरवतं आणि तो परत देतं. इथे एक बारकावा आला. लॉटमध्ये शेतकरी हेही एक ऑब्जेक्टच होतं. त्याची पण नक्कल करायची का? नाही. लॉट दोन झाले तरी शेतकरी एकच आहे. त्याचा फोन नंबर एका जागी बदलला की दोन्हीकडे बदललाच पाहिजे. म्हणून वजन, क्रेट, प्लॉट यांची नक्कल, आणि शेतकऱ्यासाठी फक्त ‘सेट’. क्लासमधल्या त्या गुणधर्मासाठी प्रॉपर्टी लेटऐवजी प्रॉपर्टी सेट लिहिलं. एकाच फंक्शनमध्ये दोन प्रकारच्या नेमणुका शेजारी शेजारी आल्या, आणि कुठे नक्कल हवी, कुठे तोच माणूस हवा, हे ताईंनी मला न विचारता ठरवलं.

परिणाम

बावीसही पावत्या बदलून झाल्या. एकाही शेतकऱ्याने माल दुसरीकडे वळवला नाही. जास्त दाखवलेल्या सात जणांपैकी दोघांच्या डायरीत बरोबर आकडा होताच. ते गप्प बसले होते आणि नवी पावती घेताना हसले. हंगाम संपेपर्यंत मॅक्रो चालला. समइफच्या पडताळणीने पावती एकदाच अडवली, ‘काटा’ शीटवर कुणीतरी शेतकऱ्याच्या नावात जागा सोडल्यामुळे. तयार सॉफ्टवेअर पाहायचं काम पावसाळ्यावर टाकलं.

आज पुन्हा करायचं तर

पाच वाजता पोचल्यावर पहिलं वाक्य ‘छपाई थांबवा’ हे असायला हवं होतं. मी ते आठच्या सुमारास म्हणालो. तोवर हाताने कार्बनच्या पुस्तकात पावत्या लिहिता आल्या असत्या. त्या तीन तासांत गेलेल्या ४ पावत्या त्या ३१ मध्ये आहेत, आणि त्या माझ्या खात्यावर आहेत.

टाइपचा क्लास करायची गरज होती का, हा प्रश्न ताईंनीच नंतर विचारला. मर्यादा वाढवणं एवढंच काम असतं तर नव्हती. ऐन फेब्रुवारीत रीडिम प्रिझर्व्हवर भागवून क्लासचा बदल जूनमध्ये केला असता तर शांतपणे झाला असता. जिथे नोंदी फक्त आकड्यांच्या आहेत, कुणी एकमेकांकडे बोट दाखवत नाही, तिथे टाइप अजूनही चांगला. त्याची नक्कल आपोआप होते हा त्याचा गुण आहे. जिथे एकच शेतकरी दहा ठिकाणांहून दिसला पाहिजे, तिथे क्लास.

ॲज न्यूबद्दल माझं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं: व्हीबीएमध्ये ते वापरू नये, लूपच्या बाहेरही नाही. वाचलेल्या एका ओळीपेक्षा ऑब्जेक्ट नेमकं कधी जन्माला आलं हे दिसणं जास्त मोलाचं आहे. काही अनुभवी मित्र इथे माझ्याशी सहमत नाहीत. एकच कलेक्शन हवं असेल तर ते बिनधास्त ॲज न्यू लिहितात, आणि त्यांचे मॅक्रो चालतातही. पण ते लिहिणाऱ्याच्या हातात आहेत तोवर.

आणि चाचणीचे आकडे. त्या फायलीत आता ‘चाचणी’ नावाची एक शीट आहे. तिच्यात चार ओळी आहेत: ५१२, ४९८, ४४६, ३९०. मॅक्रोत कुणीही काहीही बदललं की ताई आधी तीच पावती काढतात, १,८४६ आले का पाहतात, आणि मगच काट्याकडे पिकअप सोडायला सांगतात.